कडक पोट्टी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा कायदा. माहेरी आई नसली तरी कायदा तोच. माझी आई मी नोकरीला लागले त्याच वर्षी गेली. अमरावतीच्या घरी तेव्हापासून बाबा एकटे राहतात आणि त्यांचा स्वयंपाक वरण-भात आणि अंडाकरीच्या पलीकडे जात नाही. तरी दिवस भरत आले तशी अकोल्याला सासरी माझी बॅग भरायला सुरुवात झाली. "माहेर ते माहेरच असते," सासूबाई म्हणाल्या. आई नसलेल्या घराला माहेर म्हणायचं का, हे मी त्यांना विचारलं नाही. एरवी मी फटकळ म्हणून ओळखली जाते, ऑफिसात लोक मला टरकून असतात. पण या प्रश्नाचं उत्तर ऐकायची माझीच तयारी नव्हती.

मुलगी झाली. बाबांनी सकाळची एक बाई लावून दिली. ती यायची, मला आणि मुलीला तेल लावायची, आंघोळ घालायची, शेक द्यायची आणि पुढच्या घरी जायची. त्यानंतरचा सगळा दिवस घरात आम्ही तिघंच.

बाबा फार संकोची. मुलगी रडली की सगळ्यात आधी तेच पाळण्यापाशी पोचत, तिला उचलून माझ्या मांडीवर देत आणि मी ओढणी हातात घ्यायच्या आत खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेत. मग बाहेरच घुटमळत. थोड्या वेळानं आवाज येई, "झालं का माय?" मी म्हणे, "नाही अजून." पुन्हा थोड्या वेळानं, "झालं?" आईला हे असं दाराबाहेरून विचारावं लागलं नसतं. ती आत माझ्याजवळ बसली असती. त्या दिवसांत मला आईची जेवढी आठवण आली तेवढी ती गेली त्या वर्षीही आली नव्हती.

आईनं आत बसून काय पाहिलं असतं ते सांगते. मुलीला अंगाशी घेतलं की तिच्या मुठी वळायच्या. इतक्या घट्ट, की आत साचलेला मळ पुसायला मला तिचं एकेक बोट सोडवावं लागे. खांदे कानाला जाऊन भिडायचे, मान मागे जायची, पाठ ताठ व्हायची. तोंडानं मला धरलेलं आणि बाकी सगळ्या अंगानं ढकललेलं, असा प्रकार. दूध ओढताना टक्, टक् असा आवाज यायचा. तेवढ्यात पकड सुटायची, ती चिडायची आणि पुन्हा हिरड्यांनी करकचून धरायची. ओठांच्या कडेनं दूध तिच्या मानेच्या वळ्यांत उतरायचं. मला एवढं दुखायचं की मी पायाची बोटं फरशीवर दाबून धरायची आणि दात आवळून पंख्याकडे बघत बसायची. चिरा पडल्या, गाठी झाल्या, एकदा तापही येऊन गेला. पण दुखण्याचं मी सोसलं असतं. दुखतं हे सगळ्याच बायका सांगतात. मला खात होतं ते वेगळंच. मला वाटायचं, हिला मी नको आहे. एवढीशी पोर, बोलता येत नाही म्हणून दोन्ही हातांनी ढकलून सांगते आहे.

हे कोणाला सांगायचं? मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तिला काट्यावर ठेवलं आणि खूश झाले. दूध मला भरपूर होतं, पाटाला पाणी सोडावं तसं यायचं, आणि तिच्या पोटात कसंही करून पुरेसं जायचं. "वजन मस्त वाढतंय. काळजीचं काही नाही." बाबांनीही तेच विचारलं, "वजन वाढून राहिलं ना?" नवरा फोनवर तेच म्हणाला. वजन वाढत होतं आणि मी तक्रार करत होते, म्हणजे चूक कोणाची हे उघडच होतं. सकाळची बाई तर तेल लावता लावता कौतुकच करायची. "अंग लय कडक हाय वो ताई हिचं. पैलवान होते पाहा."

सव्वा महिना झाला आणि मी मुलीला घेऊन अकोल्याला आले. आमचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत. नवरा माझा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो फारसा दिसणार नाही. तो दर्यापूरकडच्या एका शाळेत शिकवतो. सकाळी जातो, जीपमध्ये चेंगरून, आंबून संध्याकाळी येतो, मुलीचा मुका घेतो आणि जेवता जेवता पेंगतो. घरात दिवसभर सासूबाई, सासरे आणि मी.

सासरे निवृत्त व्यायामशिक्षक. त्यांनी जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांकडून कवायत करून घेतली आहे आणि अजून सकाळी अंगणात उठाबशा काढतात. त्यांनी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं, तिच्या पायांखाली तळवा धरला, आणि पोरगी त्या तळव्यावर चक्क ताठ उभी राहिली. मान सरळ, गुडघे कडक, मुठी वळलेल्या. सासऱ्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "पाहा! पाहा! महिन्याची पोट्टी मान धरून उभी हाय! हे आपलं रगत!"

तेव्हापासून तो घरचा कार्यक्रमच झाला. कोणी आलं की आधी पाणी, मग चहा, मग पोरगी तळव्यावर. नामकरणाच्या दिवशी भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत बसून वंदना म्हटली, खीर वाटली, आणि खिरीच्या वाट्या खाली ठेवायच्या आत सासऱ्यांनी नातीला उभं केलं. टाळ्या पडल्या. एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, नजर लागते अशानं, झाकून ठेवा लेकराले. सासऱ्यांनी त्यांना तिथंच उडवून लावलं. "नजरबिजर आपल्या घरात चालत नाही मावशी. ताकद हाय ते ताकद हाय." आणि खरंच, आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, गंडेदोरे बांधत नाहीत, दुखलं-खुपलं की दवाखाना. म्हणून तर माझी पंचाईत झाली. दवाखान्यानं आधीच सांगितलं होतं की सगळं ठीक आहे.

मीही त्या टाळ्यांत उभी होते आणि मला पोरीकडे बघून भीती वाटत होती. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. माझी मुलगी जन्मली तीच सावधान स्थितीत, आणि घरात एवढा मोठा व्यायामशिक्षक असून तिला विश्रामचा हुकूम द्यायचं कोणाच्या मनात येत नव्हतं.

मी वीज कंपनीत अभियंता आहे. नवी लाइन टाकली की ती तपासायला जाते. दोन खांबांमधल्या तारेला थोडा झोळ द्यावा लागतो, कारण थंडीत तार आखडते आणि झोळ नसला तर तुटते. पण नवशिका ठेकेदार ती ताणून बांधतो. ताणलेली तार देखणी दिसते. गावातले लोकही म्हणतात, वा, काय सरळ लाइन टाकली. अशा देखण्या लाइनी मी उतरवायला लावल्या आहेत आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. त्यामुळे तळव्यावर उभ्या असलेल्या पोरीचं कौतुक मला काही केल्या करता येईना. पण लाइनीबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, तसा कागद आहे माझ्याकडे. पोरीबद्दल बोलायला मी नुसती आई होते, आणि तीही नवी.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी तिला घेऊन मागच्या खोलीत बसायची. अशाच एका दुपारी तिनं पकड सोडली आणि मोठं तोंड करून रडायला लागली. खिडकीचा उजेड नेमका तिच्या तोंडात पडला होता. रडताना लेकराची जीभ वर उचलली जाते. तिची मधोमध खाली अडकली होती. नुसत्या कडा वर आल्या होत्या आणि टोकाला खाच पडली होती, पत्त्यांतल्या बदामाला असते तशी. जिभेखाली पातळ कातडीची दोरी ताणलेली स्पष्ट दिसत होती. मी माझी जीभ बाहेर काढून तिला दाखवली, ती माझं बघून तोंड हलवते हे मला माहीत होतं. तिनं पुष्कळ प्रयत्न केला. जीभ खालच्या हिरडीच्या बाहेर आली नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. "जीभ चिकटली असन तर बोलाले लागल्यावर पाहू. माह्या चुलतभावाची होती तशी. त्याले 'र' म्हनता येत नोता. तरी तलाठी झाला."

"पण आई, तिला दूध नीट ओढता येत नाही त्यानं."

"ओढता येत नाही तर वजन कसं वाढून राहिलं?"

सासरे म्हणाले, "एवढ्याशा जीवाले कात्री लावाची? काय कमी हाय पोट्टीत? कडक पोट्टी हाय."

नवरा म्हणाला, "रविवारी जाऊ ना आपण." तान्ह्या मुलांची जीभ आणि पाजणं बघणाऱ्या एका डॉक्टरांची मी चौकशी केली होती. त्या अमरावतीला, आणि रविवारी त्या नसतात. हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग पुढच्या सुट्टीत. माझी रजा संपत आली होती. मी मनाशी ठरवलं होतं की कामावर रुजू होईपर्यंत हे सुधारलं नाही तर बाटली सुरू करायची आणि दूध आटवायचं. बाटलीला माझी हरकत नव्हती. पण तसं झालं तर ती माझ्या अंगाशी एकदाही निवांत पडल्याशिवाय आमचं हे प्रकरण मिटणार होतं, आणि तिला मी नको होते की काय हे मला आयुष्यभर कळणार नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तिला छातीशी बांधून गाडीत बसले. बडनेरा स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते.

त्या डॉक्टरांनी आधी काटा काढला नाही, फाइल मागितली नाही. म्हणाल्या, "पाजा तिला. मला बघायचंय." आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मी पाजलं. तेच सगळं झालं, मुठी, खांदे, टक् टक्, ताठ पाठ. त्या बघत राहिल्या. कोणीतरी समोर बसून हे बघितलं, एवढ्यानंच मला रडू फुटलं. मी रडत रडत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगून टाकलं. "हिला मी आवडत नाही. ही ढकलते मला."

"ढकलत नाहीये हो ती तुम्हाला," त्या म्हणाल्या. "धरून ठेवतेय. जिभेनं धरता येत नाही म्हणून मानेनं, खांद्यांनी, मुठींनी, मिळेल त्यानं धरतेय. सुटायची भीती वाटते तिला. तुम्ही बसच्या टपावर बसलात तर तुमचंही अंग असंच होईल."

मग त्यांनी तिला पालथं धरून पाहिलं, मान दोन्हीकडे वळवून पाहिली. मान एकीकडेच सहज वळत होती. "हे कडक अंग म्हणजे ताकद नाही, हे कष्ट आहेत," त्या म्हणाल्या. जिभेची दोरी कापायची म्हणजे क्षणाचं काम. पण त्यानं फरक पडेलच असं वचन देत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. पडला तरी लगेच नाही. अंगाला लागलेली सवय सुटायला वेळ लागतो. तिला उघड्या अंगावर पालथी झोपवा, कुशीवर घेऊन पाजा, हळू हाताळा. "आणि उभी करत असाल कोणी, तर काही दिवस नका करू."

मी हो म्हणाले. कापताना तिचं डोकं धरायला कोणीतरी हवं होतं. बाबा बाहेर बाकावर होते, त्यांना आत बोलावलं. बाबांनी नातीचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. कात्री लागली, ती किंचाळली, थोडं रक्त आलं, संपलं. डॉक्टर म्हणाल्या, आता लगेच पाजा. हे ऐकताच बाबा इतक्या घाईनं बाहेर गेले की त्यांची पिशवी आतच राहिली.

मला वाटलं होतं, आता चमत्कार होईल. ती पिईल, सैल पडेल, माझ्याकडे बघेल. तसं काही झालं नाही. ती रडली, दोन घोट घेतले, कमानीसारखी वाकली आणि टक् टक् सुरू केलं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरच्या स्टेशनात गाडी थांबून होती आणि मी ओढणीखाली पुन्हा तोच आवाज ऐकत बसले होते. शेजारच्या बाईंनी आवाज ऐकून कौतुकानं विचारलं, "भूक लागली वाटते?" मी हो म्हणाले. एवढं करून हात हलवत परत आल्याचं त्यांना काय सांगणार.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "झालं ना आता नीट?" पंखा दुरुस्त करून आणल्यासारखं. सासूबाईंनी काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. सासऱ्यांना मी हळूच म्हणाले, "बाबा, काही दिवस तिला उभी नका करू."

"डॉक्टरनं सांगतलं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि शिस्तीचा माणूस, त्यांनी ते तंतोतंत पाळलं. इतकं, की तिला उचलायचंच सोडलं. त्यांना मूल हातात घ्यायची ती एकच तऱ्हा येत होती. पाळण्याजवळ हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, तिच्याकडे बघायचे आणि अंगणात जायचे. मला त्यांची कणव यायची, आणि रागही यायचा. माझ्याशी ते तसे तुटक वागले नाहीत. पण घरातलं हसणं मी बंद पाडलं, हे मला जेवताना ताटाभोवती जाणवायचं.

मग अकोल्याचा उन्हाळा तापला. दुपारी गल्लीत कुत्रंही फिरत नाही. घरातले सगळे बैठकीत कुलरसमोर झोपत आणि मी मागच्या खोलीत टेबलफॅन लावून मुलीला उघड्या अंगावर पालथी घेऊन पडून राहायची. अकोल्याच्या मे महिन्यात अंगाला अंग लावून झोपायला सांगणारी ती डॉक्टर अमरावतीची असूनही तिला विदर्भ माहीत नाही, असं मी मनात म्हणायची. आम्ही दोघी घामानं निथळायचो. ती माझ्या छातीवरून साबणासारखी घसरायची. मी तिला वर ओढायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची, खांद्यापासून कमरेपर्यंत, फार दाबायचं नाही, नुसता हात. जिभेखालचे व्यायाम करायची, बोट तोंडात देऊन जीभ ओढून घ्यायला लावायची. काही होत होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आज आवाज थोडा कमी आला का? मूठ जरा उशिरा वळली का? मी हे कोणाला विचारणार? बघायला दुसरं कोणी नव्हतंच. कधी कधी वाटायचं, मीच मला समजावते आहे. त्या दुपारांमध्ये मी जेवढी एकटी होते तेवढी आधी कधीच नव्हते, आणि माझ्या छातीवर तर सतत एक माणूस होतं.

पुन्हा गाठ झाली तेव्हा सासूबाईंनी गरम पाण्याचा शेक आणून दिला आणि जवळ बसल्या. "बाटली दे ना वो सरळ. आमी का लेकरं वाढोली नाही? एवढी काहून जिद्द करून राहिली?" त्या मायेनंच बोलत होत्या. मला म्हणायचं होतं, आई, दुधाचं नाही हे. हिनं एकदा माझ्यापाशी आराम करावा, बस. पण ते तोंडातून निघालं असतं तर त्यांना ते चोचले वाटले असते. मी म्हणाले, "रुजू होईपर्यंत बघते."

रुजू व्हायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. संध्याकाळी सासऱ्यांचे शाळेतले दोन जुने सोबती आले. नवरा बाजारात गेला होता. मी चहा ठेवला होता. बाहेर गप्पा रंगल्या आणि एकानं विचारलं, "ते पैलवान नात कुठं हाय सर? लय ऐकलं तिच्याबद्दल." सासरे उठून पाळण्याकडे गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं. "एक डाव?" त्यांनी विचारलं. एवढा आडदांड माणूस, पण विचारताना परवानगी मागणाऱ्या पोरासारखा उभा. मला नाही म्हणवलं नाही. मी मान हलवली.

त्यांनी तिला उचललं, पायांखाली तळवा धरला आणि वर केलं. तिचे गुडघे मुडपले. त्यांनी पुन्हा नीट धरलं, पुन्हा वर केलं. ती पुन्हा खाली बसली, आणि मग पुढे झुकून त्यांच्या छातीवर पडली. गाल त्यांच्या सदऱ्यावर, हात दोन्हीकडे लोंबते, बोटं उघडी. तिनं एक मोठा श्वास सोडला.

सोबत्यांपैकी एकानं विचारलं, "तब्येत बरी नाही का लेकराची?" सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला जरा हलवून पाहिलं, ती हलली नाही, तशीच पडून राहिली. "पह्यले अशी नोती," ते सोबत्यांना म्हणाले. "लय कडक होती हो. विचारा कोनालेही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घे वो. जोर नाही आज तिच्यात."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तिला घेतलं. ती जड लागली. ताठ मूल स्वतःचा भार स्वतः धरतं, सैल मूल तो सगळा आपल्या हातावर टाकतं. मला पहिल्यांदा पोटची पोर जड लागली आणि मी तिला घेऊन जवळजवळ पळतच मागच्या खोलीत गेले. तिनं तोंड उघडलं, केवढं मोठं उघडलं, आणि धरलं. दुखलं नाही. मी आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला नाही, नुसता घोट गिळल्याचा, हळू, मग परत. तिचे खांदे खाली होते. मूठ वळलेली नव्हती, तो हात माझ्या बरगडीवर पडला होता, आणि मी त्याच्याखाली माझं बोट सरकवलं तरी तिनं ते धरलं नाही. धरायची गरजच नव्हती तिला. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. मला इतका आनंद झाला की ओरडून सांगावंसं वाटलं, आणि भिंतीपलीकडे ते दोघं जण सासऱ्यांना धीर देत होते. खारीक उगाळून द्या, एकानं सांगितलं. तेल बदलून पाहा, दुसऱ्यानं.

पाहुणे गेल्यावर सासरे मागच्या खोलीच्या दाराशी आले. मी पाजते आहे हे लक्षात येताच पाठ करून उभे राहिले.

"पिऊन राहिली का?"

"हो बाबा."

"तरास देऊन राहिली?"

"नाही," मी म्हणाले, आणि तेवढ्यात माझा आवाज फुटला. किती दिवसांचं आतलं होतं, ते थांबेना. त्यांनी ऐकलं.

"काहून रडून राहिली वो माय?"

मला त्यांना सगळं सांगायचं होतं. त्या घडीला माझ्या दाराशी ऐकणारं माणूस तेवढंच होतं, आणि त्यांनी आपण होऊन विचारलं होतं. पण रडण्यातून एवढंच निघालं, "बाबा, ती सैल पडली."

ते पाठमोरेच, फार हळू आवाजात म्हणाले, "असं मन लहान करू नोको. लेकरू हाय. चार महिन्यात होते पाहा पुन्हा पह्यल्यासारखी कडक. मी हाओ ना."

आणि बैठकीत जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलेलं मला आत ऐकू आलं. "तिले आज काही बोलू नोको. लेकराचं लय मनाले लागलं तिच्या."